ओवाळलेला माणूस

१० जानेवारी, शनि.
तिकीट जाहीर झालं. भालू शेठ. आपल्या पक्षाकडून. भालू शेठ!

आधी वाटलं हे थट्टा करतायत. भिवंडीहून पक्षाच्या ऑफिसातून फोन आला, ह्यांनी तो ठेवला आणि ओटीवर बसून राहिले. चहा दिला त्यावर साय धरली. शेवटी मीच विचारलं, "अहो, कोणाला दिली जि.प.ची सीट?" तर नाव सांगितलं आणि माझ्याकडे बघेनात.

परवापरवापर्यंत हा माणूस समोरच्या पक्षाचा. ह्याच्या गोडाऊनच्या भिंतीने पाड्याची विहिरीवर जायची वाट बंद केली म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही बायका तहसीलच्या दारात बसलो होतो. हातात आपलाच झेंडा. 'भालू शेठ मुर्दाबाद' ओरडून माझा घसा बसला होता, गरम पाणी पिऊन पिऊन कंटाळले. आता त्याच घशाने काय म्हणायचं?

जळलं मेलं राजकारण. भाकऱ्या करपल्या आज.

११ जानेवारी
हे म्हणतात, "पक्षाने दिलाय. माणूस येतो जातो, पक्ष राहतो."

मी म्हटलं, "पक्ष राहतो हो, वाट कुठे राहिली?"

मग सासऱ्यांचं काढलं. त्यांनी गावात पहिला झेंडा लावला तो आमच्याच अंगणात, तेव्हा ह्या पक्षाला तालुक्यात कुत्रं विचारत नव्हतं, शेलार गावापर्यंत सायकल मारत प्रचाराला जायचे, वगैरे. मला काय सांगतात? लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आणि मीही ह्या घरात आल्यापासून दुसऱ्या निशाणीवर बोट ठेवलेलं नाही. एकदासुद्धा नाही. म्हणूनच तर आग होतेय.

बोलणं बंद. जेवण दोघांनी आपापलं वाढून घेतलं.

१२ जाने., सोम.
तालुकाध्यक्ष येऊन गेला. तोंडात साखर. "वहिनी, गुरुवारी सकाळी नारळ तुमच्याच अंगणात. परंपरा आहे आपली."

आहे खरी. पक्षाचा कुठलाही उमेदवार प्रचाराला निघाला की आधी आमच्या अंगणात यायचा, सासूबाई ओवाळायच्या, मग गाडीचं चाक फिरायचं. त्या गेल्यावर ताट माझ्या हातात आलं. आजवर जेवढे ओवाळले त्यातले काही पडलेही, पण एकही असा नव्हता की ज्याच्या कपाळाला हात लावताना मला किळस यावी.

जाताना म्हणतो, "शेठना मुद्दाम तुमच्याच हातचं हवंय हां." मुद्दाम! हो ना. मुर्दाबाद ओरडलेली बाई ओवाळताना फोटोत दिसली की झालं.

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ह्यांनी परस्पर मान हलवली.

१३ जाने. भोगी
जानी आली, वालाच्या शेंगा घेऊन. अंगणवाडीत मी सेविका, ती मदतनीस. पाड्यावरची अर्धी तरणी पोरं आमच्या दोघींच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. आता दोघी घरी, पण ती मला अजून बाई म्हणते आणि मी तिला अजून ओरडते.

शेंगा सुपात ओतल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "बाई, औंदा कोनाला देवाचा?"

प्रत्येक निवडणुकीला विचारते. पाड्याच्या वतीने. मी सांगायची, आणि पाडा द्यायचा. तिच्या लोकांनी मला कधी खोटं पाडलेलं नाही.

मी म्हटलं, "बघू गं. वेळ आहे अजून."

"बगायचा काय त्यात? तुमचा झेंडा त त्योच हाय ना," म्हणून हसली.

वाटेचं नाव काढलं नाही तिने. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिची नवी सून वनिता आता हायवेच्या कडेने हंडे आणते. एकीकडे भिंत, एकीकडे ट्रेलर. जानी रोज तिच्या मागे मागे चालते, पाणी आणायला नाही, गाडी आली तर ओरडायला.

१४ जाने. संक्रांत
आमच्या नितेशचा फोन, कामावरच्या गोडाऊनमधूनच. डबल ड्युटी लागलीय म्हणे, तिळगूळ खायला येणार नाही. त्याला सगळं सांगितलं. म्हणतो, "आई, ओवाळायला काय जातं? एक वात, थोडं तेल. मत कुठे दिसतं कोणाला? आत गेल्यावर तुला पाहिजे ते कर."

पटलं. आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

१५ जाने., गुरु.
ओवाळलं.

नव्हतं ओवाळायचं. सकाळी ह्यांना सांगून टाकलं, कंबर धरलीय, शेजारच्या सूनबाईला सांगा. बँजो वाजायला लागला, गाड्या आल्या, अंगण भरलं, फटाक्यांच्या धुराने डोळे चुरचुरले. मी आत. खिडकीतून बघते तर हे सासऱ्यांची टोपी घालून मधोमध उभे. ऑपरेशन झाल्यापासून सदरा ढगळ होतो त्यांना. सगळी माणसं दाराकडे बघतायत आणि हेही बघतायत. नुसतं बघतायत. त्या तोंडाकडे बघून माझे पाय आपोआप निघाले, काय करू? आयुष्य गेलंय ह्या माणसाबरोबर.

ताट सासूबाईंचंच. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दिवा फिरवला. त्याच्या कपाळाला घाम होता, कुंकू ओघळलं. मग मेला वाकला आणि पाया पडला! "काकी, आशीर्वाद द्या." आणि माझ्या तोंडातून निघालं, "यशस्वी व्हा." सवयीने. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं नाही.

टाळ्या. फोटो.

शेवग्याखाली पाड्याच्या बायका उभ्या होत्या. गर्दीला आणलेल्या असणार. जानी पुढे होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. मी हात केला तर तिने पदर सारखा केला आणि वळली.

हे दुपारी म्हणाले, "बरं केलंस." मी म्हटलं, "तुमच्यासाठी केलं." म्हणाले, "ते कळलं मला." एवढंच.

हात तीनदा धुतले. कुंकवाचा डाग नखात राहिलाय.

१७ जाने.
फोटो सगळीकडे गेला. बहिणीचा भिवंडीतल्या निजामपुऱ्यातून फोन, मागे लूमची खडखड, ती ओरडतेय, "अगं तूच का गं ती? तूच ओरडत होतीस ना त्याच्या नावाने?" हसत होती. तिला काय, तिचा वॉर्ड वेगळा.

म्हटलं हो, मीच ती. फोन ठेवला.

१९ जाने.
तारे गुरुजी अपक्ष उभे राहिलेत. तहसीलच्या दारात आमच्याबरोबर उन्हात बसले होते, छत्री नाही, टोपी नाही, पेपर डोक्यावर धरून. अंबाडी नाक्यावर उभे राहून बोलले म्हणे, निवडून आलो तर पहिलं काम पाड्याची वाट. एक रिक्षा, एक भोंगा. बँजो नाही.

हे म्हणाले, "चांगला माणूस आहे. मतं खाणार आपली." एका दमात दोन्ही.

आपली!

२१ जाने.
भालू शेठच्या बायकोचं हळदीकुंकू, महिला मंडळाच्या नावाने. गेले नाही. वाण घरपोच आलं, स्टीलचा डबा, झाकणाला क्लिप. शेजारची म्हणते, "काकी, डबा काय वाईट आहे? डब्याने काय केलंय?" तिचंही खरंच. माळ्यावर टाकला.

संध्याकाळी हे माळ्यावरून खोरं काढायला चढले, डबा बघितला. "वापरायचा नाही का?" म्हटलं नाही. पुन्हा जागेवर ठेवला, आणि खाली उतरून म्हणाले, "मी पण नसता वापरला." दहाबारा दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन. शेठ पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या कपड्यात. पोरांना बिस्किटं वाटली त्याने स्वतःच्या हाताने. वनिताच्या नणंदेच्या पोराने दोन घेतली.

हे लवकर घरी आले. ओटीवर बसले आणि आपणहून बोलायला लागले. प्रचारात घोषणा देतात पण नुसते ओठ हलवतात म्हणे. आवाज निघतच नाही. "बाबा असते तर काय केलं असतं गं?" मला विचारतात. मी काय सांगू? सासरे असते तर त्यांनी ह्या माणसाला अंगणाच्या बाहेर उभं केलं असतं असं मला वाटतं. की त्यांनीही पक्षाचा शब्द म्हणून मान खाली घातली असती, कोण जाणे. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं.

मी म्हटलं, "तुम्ही कोणाला देणार?"

मग म्हणाले, "तू मला विचारू नको, मी तुला विचारत नाही."

ह्या घरात मत पहिल्यांदाच गुप्त झालं. हसू पण आलं आणि रडू पण.

२९ जाने.
अंबाडीच्या बाजारात जानी भेटली, सुक्या मच्छीच्या लायनीत. बोंबील घासाघीस करून घेतले आणि मग माझ्याबरोबर चालायला लागली. "बाई, तुमी बोलल्या न्हाय अजून. पाड्यावर इचारतात."

ह्या वेळी मी ठरवूनच ठेवलं होतं. म्हटलं, "जाने, मला विचारू नका. तुमच्या मनाला येईल त्याला द्या."

ती थांबलीच. "कधी न्हाय ता असा बोलता."

"कधी असा माणूसही नव्हता."

"बरा," म्हणाली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली. वाकडी वाट करून मला रिक्षापर्यंत सोडायला आली, निघताना माझा हात धरला. पुष्कळ वेळ धरला.

मला वाटतं समजली ती. मी भालू शेठला द्या म्हटलं नाही, एवढं तरी हातून नीट झालं. पाड्याचं नुकसान माझ्या तोंडून नको. गुरुजींचं नाव घ्यायला हवं होतं का? घेतलं असतं तर ह्यांच्याशी बेइमानी झाली असती. नाव न घेता काम झालं. रिक्षात बसले तेव्हा हलकं वाटलं.

३ फेब्रु., मंगळ.
मतदान. शाळेतच.

आयुष्यात पहिल्यांदा पक्षाच्या टेबलावर बसले नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. वीटभट्टीवर गेलेले पाड्याचे लोक टेम्पोतून आले, अंगावर अजून विटांची लाल माती. टेम्पो अर्थात शेठचा. टेम्पो त्याचा, आत गेल्यावर मत आपलं, असं म्हणत मनात हसले.

आत दोन मतं. पं.स.चं आपल्या निशाणीला दिलं, पोरगा चांगला आहे, सुखाने दिलं. जि.प.च्या मशीनसमोर उभी राहिले आणि बोट आपोआप आपल्या निशाणीकडे निघालं. इतक्या वर्षांची सवय, बोटाला डोकं कुठे असतं. मधेच थांबवलं. मागून पोलिंगवाला म्हणतो, "मावशी, दाबा जोरात." गुरुजींचं दाबलं. आवाज झाला तशी दचकलेच, सासऱ्यांना बाहेर ऐकू जाईल असं वाटलं.

बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. घरचं कोणीतरी गेल्यासारखं वाटलं.

हे माझ्यानंतर गेले. बाहेर आले ते सरळ नळावर, तोंड धुतलं. मी विचारलं नाही.

जानी रांगेतून बाहेर आली आणि मला लांबूनच शाई लावलेलं बोट दाखवलं. हसली. मी पण दाखवलं. म्हटलं, न बोलता दोघींनी एकच केलं. तेवढ्याने मन भरून आलं.

४ फेब्रु.
काय लिहू.

जानी सकाळीच आली, वनिताला घेऊन. खूश होती. चहा घेतला. मीच हळूच विषय काढला, म्हटलं, "पाड्याचं कसं झालं गं?"

"झाला ना. समदा त्यालाच दिला."

मला वाटलं गुरुजींना. तरी विचारलं, "कोणाला?"

"शेठला! दुसऱ्या कोनाला?"

हातातला कप खाली ठेवला. मग तिने सांगितलं, अगदी सहज, शेंगा निवडताना बोलावं तसं. पाड्याचं आधी ठरलं होतं, सगळ्यांनी गुरुजींना द्यायचं. म्हातारे, पोरं, भट्टीवरचे, सगळे एक. "मंग मीच बोलली, न्हाय. बाईने त्याला ववालला हाय. आपुन पाडला त बाईचा दिवा खोटा पडल. लोकां बाईला हसतील. आमच्या पोरांना बाईने सांबालला, आन आमी तिचा दिवा खोटा पाडाचा?"

मी म्हटलं, "अगं जाने, मी तुला सांगितलं होतं ना बाजारात, तुमच्या मनाला येईल त्याला द्या?"

"तेच आमच्या मनाला आला."

वनिता मान खाली घालून बसली होती. तिच्या खांद्याला हंड्याचा घट्टा पडलाय, ह्या वयात.

जानीचं चालूच. "आता तुमी बोला त्याला. भिताड पाड असा न्हाय म्हनत आमी. बारकासा दरवाजा ठेव म्हनावा. डोकीवर हंडा घेऊन बाईमानूस जाईल येवढा. ववाललेला मानूस, तो तुमचा शबुद टाकाचा न्हाय."

त्यांना शेठ नको होता. मला शेठ नको होता. त्यांनी माझ्यासाठी दिलं. मी ह्यांच्यासाठी ओवाळलं. आणि मशीनसमोर मी एकटीनेच स्वतःच्या मनासारखं करून घेतलं.

नितेश म्हणाला होता मत कुठे दिसतं. दिवा तर दिसतो ना! बाजारात ती इतका वेळ हात धरून उभी होती. तिला वाटलं असेल, बाई अडकल्यात, बोलता येत नाही बिचारीला, आपणच सांभाळून घेऊ. आणि मी रिक्षात हलकी होऊन बसले होते. कर्म माझं.

मी कोणाला दिलं ते जानीने विचारलंच नाही. विचारायची गरजच वाटली नाही तिला.

जाताना म्हणाली, "उंद्या येतू. निकालाला. तुमच्याच अंगनात येल ना तो?"

म्हटलं, "ये."

त्या गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. माझं मतही सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ओटीच्या खांबाला टेकून उभे राहिले. म्हणाले, "जानीला सांगितलंस?" नाही म्हटलं. "सांग," म्हणाले. स्वतःचं काही बोलले नाहीत.

५ फेब्रु., गुरु.
मोजणी चालू. टी.व्ही. लावलेला नाही. हे भिवंडीला गेले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदा निकालाला घरी. मघाशी अंगण झाडलं त्यांनी, मी नको म्हणत असताना.

तो आला निवडून तर मिरवणूक आधी इथेच येणार. पुन्हा ताट. आणि मग मला त्याच्याकडे तो बारकासा दरवाजा मागावा लागणार, ज्याला मी मत दिलं नाही त्याच्याकडे, आणि ज्यांनी दिलं ते अंगणात उभे असणार. आणि पडला तर पाड्याने बाईसाठी दिलेलं फुकट गेलं, भिंत तशीच, आणि शेठला हेही कळणार नाही की ह्या लोकांनी आपल्याला दिलं होतं. पक्ष पडावा असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आज काय वाटतंय ते मलाच धड कळत नाही.

जानी कधीची आलीय. पायरीवर बसून वाल सोलतेय, मी न सांगताच. वनिताला पाण्याला पाठवून आलीय. आज तिच्या मागे ओरडायला कोणी नाही.

आत्ताच ह्यांनी दारातून विचारलं, "ताट काढलंस?" म्हटलं, नाही काढलं. जानीशी बोलू दे आधी.

काय बोलायचं ते इथे लिहून बघते. 'जाने, मी त्याला दिलं नाही. मी गुरुजींना दिलं.'

लिहिलं तर दिसायला केवढंसं आहे.

नाक्याकडून फटाके ऐकू येतायत. कोणाचे ते कळत नाही. जानीने हात थांबवलाय आणि आत माझ्याकडे बघतेय. उठते.